वीज गेली तरी आठवतंय!

१ ऑगस्ट २०२५ पासून बेंगळुरूत रिक्षाचं किमान भाडं ३० रुपयांवरून ३६ रुपये झालं. आदेशाला एक सही पुरली, पण मीटरांना नवा दर शिकवायला ऑक्टोबरअखेरपर्यंतची मुदत द्यावी लागली. कारण दर लिहिलेला असतो मीटरच्या पोटातल्या चिपमध्ये. तो बदलायचा तर एकेक मीटर मेकॅनिककडे न्यायचा, आत नवे आकडे भरायचे, तपासणी करून शिक्का घ्यायचा. तोवर चालकाने छापील दरपत्रक दाखवायचं. मुंबईकरांनी त्याच वर्षी हेच पाहिलं होतं. १ फेब्रुवारीपासून रिक्षा २३ वरून २६ रुपये, काळी-पिवळी टॅक्सी २८ वरून ३१ रुपये, आणि पाठोपाठ मीटर दुरुस्तीची धावपळ.

रिक्षाची बॅटरी काढून ठेवली तरी मीटर आपला दर विसरत नाही. वीज जाऊन आली की वॉशिंग मशीन अर्ध्यावरून पुढे धुवायला लागतं. स्कूटरला आपले किलोमीटर पाठ असतात. या सगळ्यांच्या आत बोटाच्या नखाएवढा मायक्रोकंट्रोलर असतो, आणि त्याची कायमची आठवण फ्लॅश मेमरीत किंवा तिच्या थोरल्या बहिणीत, ईईप्रॉममध्ये राहते. ही आठवण फुकट मिळत नाही. प्रत्येक वेळी लिहिताना चिपचं आयुष्य थोडं खर्च होतं. ते कसं, आणि इंजिनिअर मंडळी त्यावर काय काय शक्कल लढवतात, याच्या या काही मजेदार हकिकती.

कोनप्पन अग्रहारातली शेतं

ही चर्चा करायला बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीसारखी जागा नाही. १९७० च्या दशकात कर्नाटक सरकारच्या ‘केऑनिक्स’ या कंपनीचे पहिले प्रमुख राम कृष्ण बाळिगा यांनी होसूर रस्त्यावरच्या कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांत ३३२ एकर जागेवर इलेक्ट्रॉनिक्सचं गाव वसवायचं स्वप्न पाहिलं. आज तिथे टेलिकॉमची यंत्रं बनवणारी तेजस नेटवर्क्स आहे, ट्रिपल आयटी आहे, आणि इन्फोसिसचा प्रचंड परिसर आहे. ही इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात जन्मली आणि १९८३ मध्ये बेंगळुरूला आली, हे पुणेकर अजून हळहळत सांगतात. पुण्या-कोल्हापूरची पोरंही त्याच वाटेने इथे येतात आणि गाड्यांच्या, मीटरांच्या, वैद्यकीय उपकरणांच्या चिपमध्ये ‘काय लक्षात ठेवायचं’ ते ठरवणारा कोड लिहितात.

केक खाताना सुचलेली चिप

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी हे दोन संशोधक जेवणानंतर थरांचा केक खात होते. थरावर थर पाहून कल्पना सुचली: ट्रान्झिस्टरमध्ये आणखी एक थर घातला तर? त्यातून आला ‘फ्लोटिंग गेट’. विद्युतरोधक काचेसारख्या ऑक्साइडने चहूबाजूंनी वेढलेला, कशालाही न जोडलेला एक छोटासा थर. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. इलेक्ट्रॉन आत आहेत म्हणजे ०, नाहीत म्हणजे १. एवढंच आहे स्मरणाचं गुपित.

मग कोंडलेला इलेक्ट्रॉन बाहेर कसा काढायचा? भिंतीला दार नाही. इथे क्वांटम भौतिकी मदतीला येते. भिंत पुरेशी पातळ आणि विद्युतक्षेत्र पुरेसं तीव्र असेल, तर इलेक्ट्रॉन भिंत न फोडता पलीकडे जातो. याचं सूत्र राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्येच मांडलं होतं, तेही धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी. हे फाउलर केंब्रिजमध्ये होमी भाभांचे मार्गदर्शक होते, आणि सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांचेही! भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली ती आधी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात. त्याच वर्षी ती मुंबईला हलली. आपल्या खिशातल्या प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये भाभांच्या गुरूंचं सूत्र राबतंय, ही गोष्ट मला फार सुखावते.

त्या तीव्र क्षेत्रासाठी दहा-बारा व्होल्ट किंवा अधिक लागतात, आणि चिपला तर जेमतेम ३.३ व्होल्ट मिळतात. म्हणून चिपच्या आतच ‘चार्ज पंप’ नावाचं सर्किट असतं. ते छोट्या छोट्या कपॅसिटरांत भार साठवून व्होल्टेज पायरी पायरीने वर चढवतं.

उन्हात विसरणारी

फ्लॅशच्या आधी ईप्रॉम होती. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ती आणली. तिच्या पाठीवर चक्क क्वार्ट्झची खिडकी! आतलं पुसायचं तर त्या खिडकीतून अतिनील प्रकाश पंधरा-वीस मिनिटं सोडायचा. डेटाशीटमध्ये इशारा असे: थेट सूर्यप्रकाशात सुमारे आठवड्याभरात, आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत चिप सगळं विसरेल. म्हणून खिडकीवर स्टिकर चिकटवायचा, आणि त्यावर आवृत्तीचा क्रमांक लिहायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडला जुन्या मालाच्या ढिगात अशी खिडकीवाली चिप दिसली तर जरूर घ्या. आतला सिलिकॉन उघड्या डोळ्यांनी दिसणारी चिप आता विरळा.

विजेनेच पुसता येणारी ईईप्रॉम १९७० च्या दशकाअखेरीस आली. १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी जगापुढे मांडली ती फ्लॅश. एकेका बाइटऐवजी मोठा भाग एका दमात पुसण्याची ही पद्धत पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा लखलखाट आठवला, आणि तेच नाव पडलं.

कोरं म्हणजे शून्य नव्हे

नव्या इंजिनिअरला हमखास चकवणारी गोष्ट: पुसलेल्या फ्लॅशमध्ये ० नसतो, सगळीकडे १ असतात. त्यामुळे कोरा बाइट वाचला की उत्तर येतं २५५, आणि दोन बाइट एकत्र वाचले की ६५,५३५. एखादं नवंकोरं यंत्र पहिल्यांदा चालू करताच ‘२५५ वेळा वापरलं’ म्हणू लागलं तर ते खोटं बोलत नाही. त्याला अजून कुणी काही सांगितलेलंच नाही.

लिहिताना फक्त १ चा ० करता येतो. ० चा पुन्हा १ करायचा तर पुसावंच लागतं, आणि पुसणं शाळेतल्या पाटीसारखं असतं: अक्षरं एकेक करून लिहिता येतात, पण ओला बोळा फिरला की पाटी अख्खी कोरी. या पाटीचा आकार चिपगणिक बदलतो. आर्डुइनो ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी मध्ये फ्लॅशचं पान १२८ बाइटांचं आहे. ‘ब्लू पिल’ बोर्डावरच्या एसटीएम३२एफ१०३ मध्ये १,०२४ बाइटांचं. ईएसपी३२ मध्ये आणि रास्पबेरी पाय पिकोवर पुसण्याचा सर्वांत छोटा तुकडा ४,०९६ बाइटांचा. म्हणजे एका बाइटाची दुरुस्ती हवी असली तरी शेजारचे ४,०९५ बाइट आधी कुठेतरी सुखरूप हलवावे लागतात.

दोन तास सेहेचाळीस मिनिटं चाळीस सेकंद

आता आयुष्याचा हिशोब. प्रत्येक वेळी लिहिता-पुसताना इलेक्ट्रॉन त्या पातळ भिंतीतून ये-जा करतात आणि भिंत थोडी थोडी बिघडते. एटीमेगा३२८पी ची फ्लॅश १०,००० वेळा पुसून लिहिण्याची हमी देते, तिचीच ईईप्रॉम १,००,००० वेळा. आकडे भरपूर वाटतात ना? दर सेकंदाला त्याच जागी लिहा. फ्लॅशची हमी संपायला २ तास ४६ मिनिटं ४० सेकंद पुरतात. ईईप्रॉम सव्वा दिवसही टिकत नाही. दर मिनिटाला खोलीचं तापमान नोंदवणारं निरागस यंत्र घेतलं, तरी ईईप्रॉममधली ती एक जागा सत्तर दिवसांत हमीबाहेर जाते.

उलट बाजूही पाहा. १० ऑगस्ट २०२५ ला बेंगळुरूच्या नम्म मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून आर. व्ही. रोडहून थेट इलेक्ट्रॉनिक सिटी गाठता येऊ लागली. तिथे चालणाऱ्या राष्ट्रीय मोबिलिटी कार्डाच्या चिपमध्ये प्रवासाची शिल्लक रक्कम लिहिलेली असते. एका जागी लाख वेळा लिहिता येणारी चिप धरली आणि रोज दोनदा लिहिलं, तर हमी पुरते सुमारे १३७ वर्षं. हमी तीच, लाख वेळांची. फरक फक्त किती वेळा लिहायचं हे ठरवण्याचा.

पान उलटण्याची युक्ती

एसटीएम३२एफ१०३ मध्ये ईईप्रॉम नाहीच. मग बदलती माहिती ठेवायची कुठे? ही चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीने सुचवलेली पद्धत मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते.

फ्लॅशची दोन पानं राखून ठेवायची. एखादी किंमत बदलली की जुन्या नोंदीला हात लावायचा नाही; तिच्या खाली नवी नोंद लिहायची. दोन बाइट नावाचे, दोन किमतीचे. वाचताना खालून वर यायचं, पहिली सापडेल ती ताजी. १,०२४ बाइटांच्या पानात मथळ्याचे चार बाइट सोडले तर अशा २५५ नोंदी मावतात. पान भरलं की प्रत्येकाची फक्त शेवटची किंमत दुसऱ्या पानावर उतरवायची आणि पहिलं पान पुसायचं.

हिशोब करा. एकच आकडा दर मिनिटाला बदलतोय. दर वेळी पान पुसलं असतं तर १०,००० फेऱ्या एका आठवड्यात संपल्या असत्या. या पद्धतीने एका पानावर २५५ नोंदी, दोन पानं, प्रत्येकी १०,००० फेऱ्या: एकूण ५१ लाख नोंदी, म्हणजे सुमारे पावणेदहा वर्षं! एका पैशाचंही नवं हार्डवेअर न लावता.

आणि नेमकी पान उलटताना वीज गेली तर? त्याचीही सोय आहे. पानाच्या मथळ्यात तीन अवस्थांच्या खुणा असतात. कोऱ्या पानाची खूण म्हणजे सगळे १. ‘माहिती उतरवून घेतोय’ ही खूण म्हणजे काही १ चे ०. ‘आता हेच पान खरं’ म्हणजे सगळे ०. प्रत्येक पायरीला फक्त १ चा ० करायचा आहे, म्हणजे खूण बदलायला पुसण्याची गरजच नाही. वीज परत आली की प्रोग्राम दोन्ही मथळे वाचतो आणि काम कुठे अडलं ते ओळखतो. फ्लॅशच्या सर्वांत मोठ्या अडचणीलाच इथे कामाला लावलंय.

पंधरा बाइटांत मुंबई मावते

ईएसपी३२ वर हीच विद्या ‘एनव्हीएस’ या तयार लायब्ररीत मिळते. ४,०९६ बाइटांच्या पानावर ३२ बाइटांच्या १२६ ओळी, आणि उरलेल्या ६४ बाइटांत पानाचा मथळा आणि प्रत्येक ओळ कोरी, भरलेली की रद्द याची नोंद.

प्रत्येक माहितीला नाव द्यावं लागतं आणि ते १५ बाइटांपुरतंच. नावं रोमन लिपीत अपेक्षित असतात, पण देवनागरीचं गणित गमतीचं आहे. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘पुणे’ बारा बाइटांत बसतं. ‘मुंबई’ बरोब्बर पंधरा. ‘नागपूर’ अठरा, म्हणून बाहेर. ‘बेंगळुरू’ चोवीस!

श्वास रोखण्याचा क्षण

पान पुसायला एसटीएम३२एफ१०३ ला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. प्रोग्रामही त्याच फ्लॅशमधून चालत असल्याने तेवढा वेळ प्रोसेसर थबकतो. १,१५,२०० बॉडच्या सीरियल लाइनवर २० मिलिसेकंदांत सुमारे २३० बाइट येऊन जातात. ते झेलायची सोय केली नसेल तर गेले. पिकोवर तर पुसण्याचा कोड आधी रॅममध्ये उतरवावा लागतो.

म्हणून शहाणे डिझायनर लिहिण्याची वेळ निवडून घेतात. एक आवडती रीत म्हणजे वीज जाताच लिहिणं. १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ व्होल्टवरून ३ व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत २० मिलिअँपिअरच्या सर्किटला सुमारे १०० मिलिसेकंद जगवतो. ईईप्रॉमच्या एका बाइटाला साधारण ३.४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तीसेक बाइट आरामात लिहून होतात. विजेच्या मीटरचं रीडिंग, यंत्राने मोजलेले नग, किलोमीटर, सगळं त्यात बसतं.

उष्णता आणि बेगूरचा दगड

कोंडलेले इलेक्ट्रॉन कायमचे राहत नाहीत. हळूहळू झिरपतात, आणि गरमी वाढली की झिरपणंही वाढतं. एटीमेगा३२८पी ची हमी आहे २५ अंशांना १०० वर्षं, पण ८५ अंशांना २० वर्षं. बेंगळुरूच्या थंड हवेत टेबलावर तपासलेलं उपकरण चंद्रपूरच्या मे महिन्यात, उन्हात उभ्या ट्रकच्या इंजिनाशेजारी बसणार असतं. हिशोब तिथला करायचा.

इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच बेगूर गाव आहे. तिथल्या नागेश्वर मंदिरातल्या, इसवी सन ८९० च्या सुमाराच्या वीरगळावर ‘बेंगळुरू’ हे नाव कोरलेलं सापडतं. अकराशे वर्षांपूर्वीची नोंद अजून वाचता येते. एकदाच लिहायचं असेल तर दगडाला अजून तोड नाही.

मंगळावरचा घोळ

जानेवारी २००४. मंगळावर उतरून तीन आठवडेही झाले नव्हते, आणि नासाची ‘स्पिरिट’ गाडी अचानक गप्प झाली. फ्लॅशमध्ये इतक्या फाइली साठल्या होत्या की त्यांची यादी लावतानाच रॅम अपुरी पडे. प्रणाली कोसळे, रिबूट होई, पुन्हा यादी लावू पाही, पुन्हा कोसळे. पृथ्वीवरून हुकूम गेला: फ्लॅशकडे न बघता सुरू हो. मग फाइली काढल्या, फ्लॅश फॉरमॅट केली, आणि गाडी पुढे २०१० पर्यंत बोलत राहिली. तिची जुळी ‘ऑपॉर्च्युनिटी’ म्हातारपणी फ्लॅश झिजल्यामुळे दिवसभराचं विसरू लागली. तिला रॅमवरच काम चालवायला शिकवलं गेलं.

पृथ्वीवरही तेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण पडद्यामागची ८ गिगाबाइटची मेमरी लिहून लिहून झिजत होती आणि मागच्या कॅमेऱ्याचं चित्र जायची भीती होती.

न्यायालयात पोचलेली मेमरी

मतदान यंत्रं बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी भारत इलेक्ट्रॉनिक्स बेंगळुरूची. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केली, तर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची ‘बर्न्ट मेमरी’, म्हणजे मायक्रोकंट्रोलरमध्ये कायमचा लिहिलेला प्रोग्राम, उत्पादक कंपनीच्या अभियंत्यांकडून तपासून घेता येईल. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभा निकालानंतर महाराष्ट्रातल्या अनेक पराभूत उमेदवारांनी तसे अर्ज केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणूक आयोगाला बजावलं: तपासणी करताना यंत्रातली माहिती पुसू नका, नवी भरू नका.

पुढचं पाऊल

झिजेवर उपाय आहे. एफरॅम नावाची मेमरी इलेक्ट्रॉन भिंतीतून ढकलत नाही. ती स्फटिकाचं ध्रुवीकरण बदलते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३०एफआर मालिकेत ती असते आणि हमी असते एकावर पंधरा शून्यं एवढ्या वेळांची. ही तीच कंपनी, जी १९८५ मध्ये बेंगळुरूत आली आणि जिच्या उपग्रह अँटेनाचे भाग बैलगाडीतून आणले गेले. तो फोटो आजही शहरात कौतुकाने दाखवला जातो. पण फ्लॅश स्वस्त आहे, दाट आहे, आणि म्हणून अजून बराच काळ तिच्याशीच जमवून घ्यायचं आहे.

घरी आर्डुइनोवर प्रयोग करणाऱ्यांनी आजच एक गोष्ट करावी. आपला कोड उघडा, ‘ईईप्रॉम डॉट राइट’ कुठे वापरलंय ते शोधा, आणि तिथे ‘ईईप्रॉम डॉट अपडेट’ लिहा. हे फंक्शन आधी जुनी किंमत वाचतं आणि खरंच बदल असेल तरच लिहितं. आणि ती ओळ ‘लूप’च्या आत असेल तर आधी तिला तिथून बाहेर काढा.